उपाशी तुकडा

चिकलठाणा,
११ जुलै १९९८

ती. सौ. बानाआक्कास,

मल्हारीचा नमस्कार पोचावा. मी इथे बरा आहे. तू, कडूबा दाजी, लेकरं आणि तुझ्या सासूबाई सुखरूप असाल असं धरून लिहायला बसलो आहे. तुझं पत्र मला मिळालं नाही, पण तू लिहिलं असणार हे मला ठाऊक आहे. ते शेतकी कॉलेजच्या वसतिगृहावर गेलं असेल आणि तिथल्या शिपायाने खणात टाकून दिलं असेल. यापुढे तिकडे लिहू नकोस. वर दिलेला पत्ता एका मित्राच्या खोलीचा आहे. सध्या मी त्याच्याकडे असतो.

थोरल्याला शाळेत घातलंस असं आपल्या गावच्या माणसाकडून कळलं, फार चांगलं केलंस. त्याला आधी पाटीवर घोटून घे. माझं बघ, आपण कळपामागे फिरायचो, कधी फुलंब्रीची शाळा, कधी बदनापूरची, कधी वर्षभर कुठलीच नाही. भागाकार एका गावात सुरू झाला आणि दुसऱ्या गावात पोचेपर्यंत तिथल्या वर्गाचा होऊन गेलेला. सगळं अर्धं अर्धं हाती आलं. फक्त शुद्धलेखन बरोबर नेता आलं, कारण ते तू घ्यायचीस, राखेत बोटाने लिहून. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की कानशिलात. आज माझं एकही अक्षर चुकत नाही ते तुझ्यामुळे.

कॉलेजात त्याचा उपयोग झाला नाही. तिथे सगळं इंग्रजीतून. मी शब्द पाठ करायचो, एकेका अक्षरासकट, आणि अर्थ मागे राहून जायचा. आमचे पाथ्रीकर सर एकदा वर्गात माझा पेपर हातात धरून म्हणाले होते, "मल्हारीच्या पेपरात चूक सापडत नाही, आणि उत्तरही सापडत नाही." सगळे हसले. मीही हसलो. सर वाईट नाहीत. पहिल्या वर्षात मी दोनदा अडकलो तेव्हा मुळं, खोड, पान, सगळं त्यांनीच मला त्यांच्या ओट्यावर बसवून मराठीतून समजावलं होतं. पान हवेतून अन्न करतं हे मला तेव्हा कळलं, आणि मी बोरीच्या झाडाखालून जाताना वर बघून चालायला लागलो.

दाजींना करमाडच्या बाजारात आबा भेटले होते, हेही मला त्याच माणसाकडून कळलं. आबांनी दाजींना पेढा दिला म्हणे, आणि पोरगं शेतीचा सायेब झालं असं सांगितलं. दाजींनी पेढा घरी आणला असेल तर तूही खाल्ला असशील. त्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी मागचं सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल मी अभ्यास केला नाही. मी केला होता, आक्का.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक पीक स्वतः घेऊन दाखवावं लागतं. कॉलेजची विहीर आटलेली, म्हणून सरांनी जवळच्या पोरांना सांगितलं की आपापल्या गावी घ्या, आम्ही बघायला येऊ. मी आपल्या चिंचेखालच्या रानात रब्बीची ज्वारी धरली. रानाचे सारखे तुकडे पाडायचे. काही तुकड्यांना गोणीतलं खत द्यायचं, काहींना शेणखत, काहींना दोन्ही, आणि काहींना काहीच नाही. ज्यांना काहीच द्यायचं नाही त्यांच्याशी बाकीचे ताडून बघायचे. त्या कोऱ्या तुकड्यांवर सगळा हिशेब उभा असतो. ते बिघडले तर बाकीचं सगळं पीक कितीही येवो, त्याला काही अर्थ राहत नाही. हे सर आम्हाला वर्षभर सांगत होते. मी घरी आबांना एकदाच सांगितलं, आणि घाईत.

कुठल्या तुकड्याला काय, हे आपल्या मनाने ठरवायचं नसतं. चिठ्ठ्या टाकायच्या असतात. मी चिठ्ठ्या लिहून आबांच्या फेट्यात टाकल्या आणि त्यांनाच काढायला लावल्या. मला वाटलं, त्यांचं रान आहे, त्यांच्या हाताने निघू द्या. आबा हात धुऊन आले. तुळजाभवानीचं नाव घेतलं. पहिली चिठ्ठी काढली ती कोरी निघाली.

"ह्याला काय द्यायचं?" आबा म्हणाले.

"ह्याला काहीच नाही."

"काईच नाय? कामून?"

मी सांगितलं, तसंच असतं. त्यांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. पुढे आणखी दोन कोऱ्या निघाल्या. दरवेळी त्यांचा चेहरा उतरत गेला. मी त्या तुकड्यांच्या खुंट्यांना मायच्या जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या बांधल्या, ओळखू याव्यात म्हणून. आबा बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "माझ्याच हातानं ह्याच्या नशिबी उपास आला." मी हसलो आणि माझ्या सहामाहीच्या परीक्षेसाठी शहरात निघून आलो.

माझी परीक्षा चालू होती त्या दिवसांत आबांनी काय केलं, ते तुझ्या लक्षात आलं असेल. तू त्यांची लेक आहेस.

तात्यासाहेबांच्या मळ्यात मेंढ्या बसवायचं त्यांचं ठरलेलं होतं. दरसाल पेरणीआधी आपला कळप लेंडीखतासाठी तात्यासाहेबांकडेच बसतो, आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या धान्यावर घर निम्मं वर्ष निघतं. आबांनी त्यांना सांगून पाठवलं की मेंढ्यांना खुरीचा रोग आला आहे. आणि कळप आपल्या चिंचेखाली आणून, वाघुरीची जाळी लावून, लाल चिंधीच्या एका तुकड्यात बसवला. तिथली जमीन तृप्त झाली की जाळी उचलून दुसऱ्या चिंधीत. मग तिसऱ्या. बाकीच्या तुकड्यांत एक लेंडीसुद्धा पडू दिली नाही. त्यांना पोराचं खत मिळणारच होतं. शेवटी वखर फिरवून रान सारखं केलं. मी पेरायला आलो तेव्हा माती बघितली, खुंट्या बघितल्या, चिंध्या बघितल्या. सगळं जागच्या जागी होतं. आबांनी सांगितलं नाही आणि मायलाही बोलू दिलं नाही. उपाशाला घातलेलं सांगायचं नसतं म्हणे.

ज्वारी उगवली. गुडघ्याला आली तेव्हा लाल चिंधीचे तुकडे लांबून ओळखू यायला लागले. सगळ्यांहून काळेभोर. ताटं बोटाएवढी जाड. मी खुंट्या पुन्हा मोजल्या, चिठ्ठ्या पुन्हा जुळवल्या, बियाण्याची पिशवी पालथी करून बघितली. वाटलं, खत घालताना मीच तुकडे चुकवले असणार. मला जेवण जाईना. माय म्हणाली, "पीक काळं हाय म्हनून कुनी तोंड पाडतं का रं?" आणि आबांकडे बघून हसली. मला तेव्हाही कळलं नाही. अर्धं शिकलेल्या माणसाचं असंच असतं, आक्का. आधी स्वतःची चूक शोधतो, आणि ती सापडली नाही की घाबरतो.

हुरड्याच्या दिवसांत पाथ्रीकर सर जीपमधून आले. बरोबर बाहेरचे परीक्षक होते. त्यांच्या हातात माझं भविष्य आहे एवढं आबांना माहीत होतं, म्हणून नवा फेटा बांधून बांधावर उभे. परीक्षक लाल चिंधीपाशी थांबले. सरांकडे बघून म्हणाले, ह्याला काहीच दिलेलं नाही ना, मग हा सगळ्यांच्या वर कसा? सर माझ्याकडे बघायला लागले.

आबा पुढे झाले. "सायेब, त्याला म्या जेवू घातलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, वाघूर, कुठली जाळी कुठे उचलली, मेंढ्यांची तोंडं कुठल्या बाजूला ठेवली. हात करून करून सांगितलं. इतके दिवस पोटात ठेवलेलं, आता साहेबांनी विचारलं म्हणून सांगायला मोकळे झाले होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. परीक्षक मोठ्याने हसले. म्हणाले, "बाबा, तुम्ही तर आमचं शास्त्रच खाऊन टाकलं."

आबाही हसले. त्यांना ते कौतुक वाटलं. लगेच लाल चिंधीतलीच कणसं खुडून त्यांनी आगटी पेटवली आणि साहेबांना हुरडा चोळून दिला. परीक्षकांनी पोटभर खाल्ला. निघताना म्हणाले, फार गोड आहे, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ. माणूस निघताना म्हणतो तसं. आबांनी ते गाठीला बांधलं.

सरांनी मला जीपपाशी बाजूला घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "आकडे कसे यायला हवेत ते तुला ठाऊक आहे. तसे लिही. ते काही बोलणार नाहीत, मीही नाही. तुझं हे शेवटचं वर्ष आहे, विसरू नकोस." त्यांचं बरोबर होतं. कोर्स पुरा करायला ठरलेली वर्षं असतात, ती माझी पहिल्याच वर्षात अडकण्यात संपली होती. या वेळी अडकलो तर पुन्हा बसता येत नव्हतं.

ज्वारी काढली, मळली, तुकड्यागणिक मोजली. मग शहरात येऊन लिहायला बसलो. गोणीच्या खताचे आकडे लिहिले. शेणखताचे लिहिले. दोन्हींचे लिहिले. लाल चिंधीपाशी आलो आणि हात पुढे जाईना.

मी मोठा खरं बोलणारा आहे असं समजू नकोस. वसतिगृहात निम्म्या पोरांनी पीक न लावताच आकडे लिहिले होते आणि ते पास झाले. मलाही लिहायचे होते. पण तिथे कमी आकडा लिहायचा म्हणजे काय लिहायचं होतं, ते बघ. त्या जमिनीला कुणी काही दिलं नाही, असं लिहायचं होतं. तात्यासाहेबांना खोटं सांगून, घरचं धान्य सोडून, रात्ररात्र जाळीपाशी घोंगडी पांघरून आबा बसले, आणि मी त्यांच्या नावापुढे माझ्या सुंदर अक्षरात लिहायचं, काहीच नाही. मला ते जमलं नाही. मी लिहिलं की पेरणीपूर्वी या तुकड्यांत मेंढ्या बसवल्या गेल्या. सगळं शुद्ध लिहिलं. सरांनी ते वाचून कागद मिटला आणि म्हणाले, "असं कसं रे तुझं." कमिटीने प्रयोग बाद ठरवला.

तर मी पास झालो नाही. होणारही नाही, कारण आता बसता येत नाही. वसतिगृह सोडलं. मित्राची खोली म्हणून वर लिहिलं ते खरं नाही, इथे माझा मित्र कुणी नाही. इथल्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या गोण्या होतात, त्यांची तोंडं शिवायच्या मशिनीवर मी आहे. बहुतेक गोण्या खताच्याच असतात. त्यांच्यावर काय छापलं आहे ते मला आता अर्थासकट वाचता येतं.

आबांना वाटलं, साहेब हसले, हुरडा खाऊन गेले, म्हणजे पोरगं पास. मी निकालानंतर घरी गेलोच नाही, म्हणून त्यांनी तेच धरलं आणि पेढे वाटले. मायने निरोप पाठवला की फोटो काढून पाठव, पदवीच्या काळ्या टोपीतला.

तू पंचमीला माहेरी जाशील. तेव्हा त्यांना सांग की मल्हारी नापास झाला. मेंढ्यांचं काढू नकोस. इंग्रजी जमलं नाही म्हण, ते खोटंही नाही. एवढं काम माझं कर. मी तीनदा करमाडपर्यंत गेलो आणि स्टँडवर चहा पिऊन परत आलो.

लेकरांना आशीर्वाद. दाजींना नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांना दाखवलंस तरी चालेल. ते कुणापाशी बोलणारे नाहीत.

तुझा भाऊ,
मल्हारी

चिकलठाणा,
६ सप्टेंबर १९९८

ती. सौ. आक्कास,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. त्यावर पाणी पडून दोन ओळी पुसल्या होत्या, पण बाकीचं वाचता आलं. तू सांगू शकली नाहीस याचा मी राग धरलेला नाही. उंबऱ्यात पाय ठेवला तर आबा खुंट्यांना चुना लावत बसले होते, असं तू लिहिलंस. मीही तुझ्या जागी पाय धुऊन आत चहा टाकायलाच गेलो असतो.

मग मला वाटलं, हे ओझं तुझ्यावर टाकायला नको होतं. आपलं आपण सांगावं. म्हणून महालक्ष्म्यांना कारखान्यातून सुट्टी काढून घरी गेलो. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. बसमध्ये सारखी म्हणत होतो.

मायने ओवाळलं. म्हणाली, साहेब झालास आणि वाळलास कसा. पुरणपोळी खाल्ली. आबा घरात नव्हते. चिंचेखाली आहेत म्हणून कळलं, तसा तिकडे गेलो.

आक्का, आपलं सगळं रान त्यांनी मोकळं ठेवलं आहे. खुंट्या पुन्हा ठोकल्या आहेत, मागच्याच जागी, दोरी धरून, माझ्याहून सरळ. जुन्या चिंध्या विटल्या म्हणून मायच्या नव्या लुगड्याचा पदर फाडला आहे. कळप तिथेच बसलेला. तात्यासाहेबांचा माणूस बोलवायला आला होता, त्याला त्यांनी या वर्षी खुरीचं कारणसुद्धा दिलं नाही. सरळ सांगितलं, मेंढ्या पोराच्या कामाला लागल्या आहेत. तात्यासाहेबांनी दुसऱ्या धनगराला आणलं. आता पुढच्या सालीही ते आपल्याला बोलावतील असं वाटत नाही.

मी वाघुरीबाहेर उभा राहिलो. आबांनी जाळी वर धरली, मी आत गेलो. मेंढ्यांनी मला ओळखलं, वास घेत जवळ आल्या. मी म्हणालो, "आबा, मला एक सांगायचंय."

"सांगशील रं. आधी बघ तरी." त्यांनी मला हाताला धरून सगळं रान फिरवलं. एकेका खुंटीपाशी थांबून दाखवत होते, लाल चिंधीच्या आणि बाकीच्याही. मग म्हणाले, "मागल्या साली नुसत्या लाल चिंध्यांत बसवल्या. मंग मनाला लागून ऱ्हायलं. बाकीचे तुकडे बी आपलेच, त्यांना निस्ती गोणी. म्हनून औंदा समद्यांत बसवल्या. एक बी उपाशी नाय."

मी सगळीकडे बघितलं. खरंच एकही नव्हता.

ते खाली बसले आणि मूठभर माती उचलून माझ्या तळहातावर ठेवली. ओली होती, गरम होती, लेंड्यांचा वास येत होता. पाथ्रीकर सरांनी मला ओट्यावर बसवून शिकवलं होतं की अशा मातीत काय काय असतं. ते सगळं मला आठवलं, अर्थासकट. परीक्षेत कधी आठवलं नव्हतं.

"त्ये बाहेरचे सायेब," आबा म्हणाले, "हुरड्याला येतो म्हनून गेले व्हते. कवा येनार?"

मी जुळवलेली वाक्यं तोंडाशी आणून बघितली. एकही चुकलेलं नव्हतं.

"येतील," मी म्हणालो.

माती फेकून देववेना, म्हणून बसमध्ये बसेपर्यंत ती माझ्या हातातच होती. आता पेरणी होईल, ज्वारी कंबरेला येईल, कणसं भरतील. आबा रोज रस्त्याकडे बघतील. हुरड्याच्या दिवसांत तू जमलं तर दोन दिवस माहेरी जाऊन राहा. आगटीपाशी त्यांच्याजवळ कुणीतरी बसलेलं असावं.

येतील असं सांगून आलेला,
मल्हारी